घाट उतरला की रुसणारा फ्रिज: गॅसवरच्या फ्रिजची वारंवार येणारी तक्रार आणि तिचे मूळ

तक्रारीचे स्वरूप आधी नेमके सांगतो, म्हणजे आपल्या फ्रिजची लक्षणे हीच आहेत की वेगळी, हे वाचणाऱ्याला लगेच ठरवता येईल. आमच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गॅस, २३० व्होल्टची वीज आणि गाडीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा एक लहान फ्रिज आहे. नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमच्या अंगणात गाडी उभी असते तेव्हा हा फ्रिज गॅसवर बिनतक्रार चालतो, वरच्या कप्प्यात बर्फ धरतो आणि दुधाची पिशवी तीन दिवस सांभाळतो. मात्र पेठ रस्त्याने सावळघाट आणि कोटंबी घाट पार करून, किंवा त्र्यंबकहून तोरंगण घाटाने मोखाडा-जव्हारकडे मुक्कामाला गेलो, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फाचा कप्पा पाझरू लागतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचे दूध फाटते. या सगळ्या काळात ज्योत विझलेली नसते. ती पेटलेलीच असते, फक्त निळी राहिलेली नसते. घरी परतल्यावर बर्नर काढून साफ केला की पुढचा घाट येईपर्यंत सारे सुरळीत चालते. दोन वर्षांत हे पाच वेळा घडले आणि पाचही वेळा मी बर्नर साफ करून ‘दुरुस्ती झाली’ असे म्हटले, त्यामुळे दोष फ्रिजपेक्षा माझ्याकडे अधिक जातो.

फ्रिज मूळचा ऑस्ट्रेलियातील एका कॅराव्हॅनचा आहे. आमच्या आधीच्या मालकांनी तो कुठूनसा मिळवून या गाडीत बसवला होता. त्याच्या पाठीवरच्या पत्र्यावर इंधन म्हणून प्रोपेन आणि दाब २.७५ किलोपास्कल असे कोरलेले आहे. ही नोंद सुरुवातीला मी वाचली आणि विसरलो. तिचा संबंध पुढे येईल.

ज्यांनी असा फ्रिज हाताळलेला नाही त्यांच्यासाठी तो चालतो कसा हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण त्याची अंतर्गत रचना माहीत नसेल तर माणूस नेमकी चुकीची वस्तू उघडतो. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. यात तो नाही. किंबहुना यात हलणारा एकही भाग नाही, आणि म्हणूनच हॉटेलच्या खोलीतला लहान फ्रिज रात्री आवाज करत नाही. तोही बहुधा याच जातीचा असतो. स्टॉकहोममधील फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना सिद्ध केली. पाठीमागच्या हवाबंद नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतो, आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून थोडे सोडियम क्रोमेट असते. खाली ज्योत लागली की अमोनिया विरघळलेले पाणी एका बारीक नळीत उकळते आणि त्यातले बुडबुडे वर जाताना पाण्याचे घोट आपल्यासोबत ढकलत नेतात. पाण्यापासून सुटा झालेला अमोनिया फ्रिजच्या वरच्या मागच्या बाजूच्या नळ्यांत बाहेरच्या हवेने थंड होऊन द्रवरूप होतो आणि उताराने बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन भरलेला असतो. कोरड्या हवेत ठेवलेल्या माठातून पाणी पाझरून उडते आणि माठ गार होतो, तसेच काहीसे इथे घडते: हायड्रोजनमध्ये अमोनियाचा स्वतःचा दाब अगदी कमी राहतो, म्हणून तो थंडीतही झपाट्याने उडतो आणि कप्प्यातली उष्णता शोषून घेतो. पुढे हे वायू खाली उतरतात, तिथे परतणारे पाणी अमोनियाला पुन्हा पोटात घेते, हलका हायड्रोजन वर निघून जातो आणि चक्र चालू राहते.

या वर्णनातून एवढे लक्षात घ्यावे की सारा प्रवाह केवळ उष्णतेवर आणि नळ्यांच्या उतारावर चालतो. खाली योग्य तेवढी आच, मागे खेळती हवा आणि गाडी सपाट, या तीन गोष्टी असल्या तर हा फ्रिज वर्षानुवर्षे चालतो, आणि यातली एक जरी बिघडली तरी तो लहरी वाटू लागतो. आमच्याकडे त्याला ‘लहरी महंमद’ म्हणत असत. आता म्हणत नाहीत.

आधी वीज, मग गॅस

सर्वांत उपयोगी चाचणी एकही स्क्रू न उघडता करता येते. गाडी सपाट जागी उभी करावी, गॅस बंद ठेवावा आणि फ्रिज २३० व्होल्टवर पूर्ण २४ तास चालवावा. त्याआधी आत पाण्याने भरलेला एक पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवून ठेवावा, कारण दार उघडताच आतली हवा तापते आणि हवेचे तापमान फसवे ठरते; पाण्याचे तसे होत नाही. फ्रिज विजेवर नीट गार झाला तर नळ्यांतला अमोनिया, उतार आणि दाराचे रबर यांपैकी कशातही मोठा दोष नाही, आणि शोध केवळ ज्योतीपुरता उरतो. तो विजेवरही गार झाला नाही तर बर्नरला हातसुद्धा लावू नये. दोष उतारात, हवेत किंवा खुद्द नळ्यांत आहे. आमच्या भागात संध्याकाळी विजेचा दाब घसरतो, म्हणून मी त्या वेळी मल्टिमीटरने तोही मोजला. विजेवर ज्योतीच्या जागी हीटर आच देतो आणि हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर उष्णता पाऊण पटीवर येते, आणि तेवढ्या आचेवर हा फ्रिज कसाबसा रडतखडत चालतो. हाच हिशेब १२ व्होल्टच्या बाजूलाही लागू आहे: इंजिनपासून मागे फ्रिजपर्यंत बारीक वायर ओढलेली असेल आणि वाटेत २ व्होल्ट हरवले तर सुमारे तीस टक्के उष्णता गेली असे समजावे.

या चाचणीत घाई करू नये. चालू केल्यापासून गारवा जाणवायला सहा-आठ तास लागतात, म्हणून प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबावे लागते. एका संध्याकाळी तीन गोष्टी बदलून ‘काहीतरी जमले’ म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच उभा असतो. हे मी अनुभवाने लिहितो आहे.

आमचा फ्रिज विजेवर व्यवस्थित गार झाला. पाण्याचा पेला दुसऱ्या सकाळी ५ अंशांवर होता.

उताराची तपासणी मी तरीही केली, कारण मुक्कामाच्या जागा अंगणासारख्या सपाट नसतात. गवंडी वापरतात ती लहान पाणसळ घ्यावी आणि ती गाडीच्या फरशीवर न ठेवता फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, आधी आडवी आणि मग उभी. जुन्या गाडीत फरशी आणि फ्रिज यांचे पटतेच असे नाही. एका बाजूला सुमारे तीन अंश आणि पुढे-मागे सहा अंशांपर्यंत कल सहसा चालतो. तीन अंश म्हणजे साठ सेंटिमीटर रुंदीमागे सुमारे तीन सेंटिमीटरची उंची, एवढे ध्यानात ठेवले की चाकाखाली किती जाडीची फळी घालायची याचा अंदाज येतो. गाडी चालताना कलते, पण सतत डुलत असल्यामुळे द्रव कुठे साचून राहत नाही. उभ्या गाडीतला कल मात्र घातक ठरतो. तसाच तास न् तास चालू ठेवला तर द्रव बॉयलरकडे, म्हणजे आच लागते त्या नळीकडे, परत येत नाही, बॉयलर कोरडा तापतो आणि आतले क्रोमेट नळीत साचून ती कायमची तुंबू शकते. गंगापूर धरणाच्या पाणलोटालगत एकदा आम्ही उतारावर रात्र काढली होती आणि सकाळी फ्रिज कोमट होता. ते प्रकरण खरोखर उताराचे होते, चाकाखाली फळी घालताच निवळले, आणि त्यामुळेच पुढचे काही महिने मी प्रत्येक बिघाडाचे खापर उतारावर फोडत राहिलो.

ज्योत पाहावी कशी

ज्योत दिवसा पाहू नये, कारण उजेडात तिचा रंग नीट कळत नाही. अंधार पडल्यावर बाहेरची जाळी काढून, बाजूने, चेहरा दूर ठेवून पाहावे. चांगली ज्योत निळी, ताठ आणि स्थिर असते व तिचा हलका सूं आवाज येतो. पिवळे टोक, डोलणारी ज्योत, किंवा बर्नरच्या एकाच बाजूने वर येणारी ज्योत, यांचा अर्थ हवा आणि गॅस यांचे मिश्रण बिघडले आहे. पिवळी ज्योत काजळी धरते, काजळी धुराड्यातला ओढा, म्हणजे धूर वर खेचला जाण्याचा जोर, कमी करते, ओढा कमी झाला की ज्योत आणखी पिवळी होते, आणि या फेऱ्यात आच बॉयलरला लागण्याऐवजी धुरातून वाया जाते. शिवाय अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला ना वास असतो ना रंग. फ्रिजचा जळता भाग आणि झोपण्याची जागा यांच्यामधली फट बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवल्याशिवाय गॅसवर फ्रिज ठेवून झोपू नये.

ज्योत लागते, पण बटण सोडताच विझते, अशी तक्रार असेल तर ती माझी तक्रार नव्हे. ती बहुतेक वेळा थर्मोकपलची असते. ज्योतीत टोक असलेली ती तांब्याची बारीक दांडी तापली की वीस-तीस मिलिव्होल्ट इतकी वीज निर्माण करते आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते. टोक ज्योतीबाहेर सरकलेले असते, काजळले असते किंवा मागचा नट सैल असतो. नट हाताने बसवून पाव फेरा आवळावा. पान्याने जोर लावला तर आतले टोक चेपते.

आता जेटविषयी, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीविषयी, कारण माझ्या सहा महिन्यांचा चुराडा इथे झाला. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण रॉकेलच्या स्टोव्हशेजारी गेले आहे आणि ज्योत पिवळी दिसली की ‘पिन मारायची’ हे शिक्षण हातात मुरलेले आहे. दुसऱ्या बिघाडाच्या वेळी मी शहरातल्या एका शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलावले, आणि त्याने खिशातून पिन काढून जेटमध्ये घातली, दोनदा फिरवली आणि ‘आता बघा फ्लेम’ म्हणाला. ज्योत मोठी झाली, हे खरे. या जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही पुष्कळ बारीक असते. ते ०.३० वरून ०.३३ मिलिमीटर झाले तरी क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते आणि तेवढा जास्त गॅस त्याच हवेत जळू पाहतो. स्टोव्हला जे चालत होते ते इथे चालत नाही. जेट काढून रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावा, दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने फुंकावा आणि भिंगाखाली उजेडासमोर धरून भोक गोल दिसते का ते पाहावे. तार, पिन, सुई यांपैकी काहीही त्यात घालू नये. माझा जेट गेला तो गेलाच. मूळ मापाचा नवा जेट भाच्याने ऑस्ट्रेलियाहून येताना आणला तोपर्यंत फ्रिज केवळ विजेवर होता.

नवा जेट बसवल्यावर ज्योत निळी झाली आणि पुढच्याच तोरंगण घाटानंतर ती पुन्हा पिवळी झाली. म्हणजे जेटचे दुखणे मीच ओढवून घेतलेले होते. मूळ दुखणे वेगळेच होते.

डब्याचे झाकण

घाट आणि पिवळी ज्योत यांचा संबंध काय असावा, हे मला बराच काळ उमगले नाही. समुद्रसपाटीपासून नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि जव्हार-मोखाड्याचा भाग त्याहून खाली. एवढ्या फरकाने ज्योत बिघडत नाही. बर्नर उघडल्यावर आत काळसर भुगा दिसे, तो मी काजळीच समजून ब्रशने झटकत असे. शिवाय घाटात चालताना गॅस बंद ठेवून आम्ही फ्रिज १२ व्होल्टवर चालवतो, त्यामुळे प्रवासात तो गारच असतो आणि बिघाड कळतो तो मुक्कामी गॅस पेटवल्यावर, दुसऱ्या दिवशी. या एका दिवसाच्या अंतराने मला फसवले. मी मुक्कामाच्या जागेत दोष शोधत होतो, आणि दोष वाटेतच घडून गेलेला असे.

शेवटी एक साधी युक्ती केली. निघण्यापूर्वी, ज्योत बंद असताना, स्टीलच्या लहान डब्याचे स्वच्छ झाकण बर्नरच्या खाली चार बोटांवर तारेने उलटे टांगले, आणि पेठपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत आलो. घरी आल्यावर मी हात धुवायला गेलो तेवढ्यात सौ. ते झाकण हातात घेऊन उभी. “अहो, यात चहाची पूड कुणी सांडली?” दिसायला ती हुबेहूब चहाचीच पूड होती: तपकिरी, चपटे, कडेला कुरतडल्यासारखे कण, मोजून साधारण अर्धा चमचा. मी फ्रिजच्याच दारावर चिकटवलेले लोहचुंबक काढले, कागदाखालून फिरवले, आणि अर्ध्याहून अधिक कण उठून केसांसारखे उभे राहिले. काजळी लोहचुंबकाला लागत नाही आणि मातीही एवढी लागत नाही. हे लोखंड होते, म्हणजे गंजाच्या खपल्या होत्या, आणि त्या बर्नरच्या वरूनच येऊ शकत होत्या.

वर आहे ते धुराडे, आणि त्याच्या पोटात तारेला टांगलेली पत्र्याची मळसूत्री पट्टी. ही पट्टी गरम धुराला गिरक्या घ्यायला लावते, म्हणजे उष्णता बॉयलरच्या भिंतीला अधिक वेळ लागते. मी गाडीच्या बाजूची वरची जाळी काढून आत टॉर्च मारला तेव्हा धुराड्याच्या तोंडावर टोपीच नव्हती. ती कधी आणि कशी गेली हे सांगता येणार नाही. आमची गाडी जून ते सप्टेंबर उघड्यावर उभी असते, आणि पावसाचे पाणी वाऱ्याने जाळीतून येऊन थेट नळीत उतरत होते. त्यात गॅस स्वतःही पाणी बनवतो: एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि फ्रिज थोडाच वेळ चालवून बंद केला तर त्यातले काही गार नळीत ओल धरून राहते. गंज धरायला एवढे पुष्कळ झाले. अंगणात उभ्या गाडीत या खपल्या जागच्या जागी राहत, आणि घाटातल्या वळणांवर व खड्ड्यांत सुटून बर्नरवर बसत. आता तर घाटाचीही गरज नाही, सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या शहरातल्या रस्त्यांनी तेवढेच काम होते.

पाच वेळा मी खालची घाण साफ केली होती आणि ती वरून पडत होती.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवला. सिलिंडर बंद करून, ज्योत विझवून, धुराडे हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबलो. जेट काढून डबीत ठेवला आणि बर्नरवर ओले फडके घातले. पट्टीची तार वर जिथे अडकवली होती तिथे दोऱ्याची गाठ मारून खूण केली, कारण पट्टीचे बर्नरपासूनचे अंतर ठरलेले असते आणि ती खाली-वर झाली तर निळ्या ज्योतीवरही फ्रिज नीट गार होत नाही. पट्टी बाहेर आली ती कडेने कागदाइतकी पातळ झालेली होती. बाटल्या घासण्याचा लांब दांड्याचा ब्रश वरून घालून नळी खालपर्यंत घासली, खाली पडलेले व्हॅक्यूम क्लीनरने ओढले, आणि लोहचुंबकाला काही लागेनासे होईपर्यंत हे तीनदा केले. घासताना नाकाला मास्क आणि डोळ्याला चष्मा हवा. सातपूरला पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून जुन्या मापाची नवी पट्टी आणि धुराड्यासाठी टोपी, दोन्ही स्टेनलेस स्टीलच्या, करून घेतल्या. टोपी नळीच्या तोंडापासून चांगली उचललेली हवी. तोंडाशी चिकटवून बसवली तर पाऊस अडतो खरा, पण धुराचा ओढाही अडतो.

सर्व जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिले. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार कुणी करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि फरशीवर साचतो, म्हणून फ्रिजखाली फरशीत बाहेर उघडणारे भोक असणे आवश्यक आहे आणि ते चिखलाने बुजलेले नाही हे घाटानंतर पाहावे. गळतीचा संशय आला तर सिलिंडर बंद करून, दारे उघडून, विजेचे कुठलेही बटण न दाबता बाहेर पडावे. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक चालतो. पंपावर इंधन भरायला जाण्याआधी ज्योत विझवावी, हे वेगळे सांगायला नको होते, पण पंपावर फ्रिज गॅसवर असलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे.

एक इशारा याच ओघात: मागच्या नळ्यांवर पिवळी पूड किंवा पिवळा ओघळ दिसला, किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर धुराडे घासत बसू नये. ते सोडियम क्रोमेट असते, विषारी असते, आणि त्याचा अर्थ हवाबंद नळी फुटली असा आहे. त्यावर घरगुती उपाय नाही. त्या नळ्यांत मोठा दाब असतो, त्यांवर वेल्डिंग करू देऊ नये. फ्रिज उलटा करून ठेवला की ‘बरा होतो’ असे एक जुने औषध सांगतात. अडकलेला द्रव हलून कधी उपयोग होतही असेल, पण फुटलेल्या नळीला तो नाही.

जे उरले आहे

दुरुस्तीनंतर आम्ही पेठ रस्त्याने दोनदा आणि जव्हारला एकदा जाऊन आलो. झाकण अजूनही प्रवासात टांगतो आणि गॅस पेटवण्यापूर्वी काढतो. पहिल्या फेरीत त्यात चिमूटभर, दुसऱ्या फेरीत काही कण आणि जव्हारच्या फेरीत जवळजवळ काहीच नव्हते. जव्हारला तिसऱ्या सकाळी पाण्याचा पेला ६ अंशांवर होता.

दोन गोष्टी मात्र धुराड्याने सुटलेल्या नाहीत आणि त्या सुटतील असेही नाही. पहिली उन्हाळ्याची. असा फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण वीस-पंचवीस अंशच खाली जातो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की आत पंधरा-सोळा अंश मिळणे यात बिघाड काही नाही. मी वरच्या जाळीमागे कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमधला १२ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकील असा बसवला आहे. तो खाली बर्नरजवळ बसवू नये, ज्योत डोलते. जाळ्यांची बाजू पश्चिमेच्या उन्हात येणार नाही अशी गाडी उभी करतो आणि निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज विजेवर गार करून त्यात गार वस्तूच भरतो. एवढे करूनही मे महिन्यात आम्ही दूध पावडरचे नेतो.

दुसरी गोष्ट पत्र्यावरच्या त्या नोंदीची. फ्रिज प्रोपेनसाठी केलेला आहे, आणि आपल्याकडचा एलपीजी हे ब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असून त्यात ब्युटेनचा वाटा मोठा असतो. तेवढ्याच जेटमधून ब्युटेन अधिक उष्णता सोडतो आणि अधिक हवा मागतो. प्रोपेन लवकर उडतो, म्हणून सिलिंडर संपत येईल तसे उरलेल्या गॅसमध्ये ब्युटेनचे प्रमाण वाढत जाते आणि शेवटच्या चार-पाच दिवसांत ज्योतीला पुन्हा किंचित पिवळे टोक येते. गॅस कमी झाल्यामुळे दाब पुरत नाही, असे मला आधी वाटत असे; परंतु हा फ्रिज तासाला दहा-अकरा ग्रॅमच गॅस घेतो आणि तेवढ्याला निफाडच्या डिसेंबरमधल्या पहाटेही दाब पुरतो. गाडीत आम्ही ५ किलोचा लहान सिलिंडर वापरतो, जो केवळ फ्रिजसाठी दोन आठवड्यांहून अधिक चालतो. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालू नये. साधा वजनकाटा लावून सिलिंडरमध्ये एक किलो गॅस उरला की तो फ्रिजवरून काढून शेगडीला जोडतो आणि फ्रिजला नवा लावतो. शेगडीला ब्युटेन चालतो.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या पेटवणीपूर्वी बर्नरची नळी उजेडासमोर धरून आरपार पाहणे हेही वर्षातून एकदा करावे लागते. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यात कुंभारीण माशीने मातीचे नीटस घर बांधले होते, आत तीन कोळी कोंबून ठेवलेले. लोहचुंबक त्याला लागले नाही.